जर्मनीला येण्याआधी जीसी-एमएस शिकायचंय? आधी पाना हातात घे

तुझा प्रश्न असा: एम.एस्सी. झालं, पुण्यातल्या एका फार्मा लॅबमध्ये दीड वर्ष एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) काम झालं, आता चान्सेनकार्टेवर (जर्मनीत येऊन नोकरी शोधायचा परवाना) जर्मनीला यायचंय. त्याआधी पुण्यातच दहा दिवसांचा जीसी-एमएसचा (नमुन्यातले घटक वायुरूपात वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) कोर्स करू का, आणि त्या सर्टिफिकेटला इथे किंमत आहे का?

सर्टिफिकेटला फारशी नाही. कोर्स मात्र जरूर कर, पण यंत्र उघडू देणारा.

मी पुण्यात तीन वर्षं जीसी-एमएसवर होते. म्हणजे व्हायल (नमुन्याच्या छोट्या बाटल्या) लावायच्या, सिक्वेन्स (त्यांचा तपासणीचा क्रम) टाकायचा, रिपोर्ट काढायचा. कॉलम (घटक वेगळे करणारी लांब बारीक नळी) बदलायची वेळ आली की सर्व्हिस इंजिनिअर यायचा आणि आम्ही लांब उभे. इथे अन्नतपासणीच्या लॅबमध्ये लागले आणि तिसऱ्याच दिवशी नवा कॉलम हातात आला. ३० मीटर लांब, आतला व्यास ०.२५ मिलिमीटर. मॅन्युअल समोर ठेवून बसवला, रात्रभर तापवला. सकाळी ट्यून रिपोर्टमध्ये (यंत्र स्वतःची तपासणी करून काढतं तो अहवाल) २८ वस्तुमानाचा पीक ६९ च्याही वर! ६९, २१९, ५०२ हे पीएफटीबीएचे (यंत्र जुळवायला वापरायचं ठरलेलं रसायन) आयन, ते तुला दिसायलाच हवेत. १८ म्हणजे पाणी, २८ नायट्रोजन, ३२ ऑक्सिजन. २८ आणि ३२ साधारण चारास एक प्रमाणात वर आले, तर कुठून तरी हवा शिरतेय.

शेजारच्या अनुभवी लॅबोरांटिनने (लॅबमधली तंत्रज्ञ) आरगॉनची बारीक नळी आणली. एकेका जोडावर फुंकर मारायची आणि स्क्रीनवर ४० कडे, म्हणजे आरगॉनच्या पीककडे बघायचं. ट्रान्सफर लाइनच्या (कॉलम एमएसमध्ये शिरतो तो जोड) नटापाशी नळी गेली आणि ४० उसळला. तिथे व्हेस्पेल-ग्रॅफाइटचा फेरूल (जोड घट्ट बंद करणारं छोटं कडं) असतो. पहिल्यांदा तापला की तो आकसतो, म्हणून पुन्हा आवळावा लागतो. तिने पाना पाव फेरा फिरवला आणि २८ खाली बसायला लागला. एवढीशी गोष्ट मला पुण्यात तीन वर्षांत कुणी दाखवली नव्हती, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून फी भरण्याआधी सरळ विचार: एका यंत्रामागे किती जण? लायनर (नमुना सोडतो तिथली काचनळी), सेप्टम (सुई जाते ती रबरी चकती) आम्ही बदलायचे का? कॉलम सिरॅमिक वेफरने कापून भिंगाखाली बघायला मिळेल का? व्हॅक्यूम सोडून आयन सोर्स (रेणूंचे आयन होतात तो भाग) आम्हाला साफ करू देणार का? ‘डेमो दाखवू’ असं उत्तर आलं तर पैसे वाचव.

दुसरं, आपल्याकडच्या द्राक्षांचा फायदा घे. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या कीटकनाशक अवशेषांवर तिथे मोठं काम झालंय. इथल्या लॅबही रोज तेच तपासतात. जिथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथे युरोपात ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो लागू होते. कोर्समध्ये द्राक्षाचा नमुना स्वतः तयार करायला माग. क्वेचर्सची (नमुन्यातून अवशेष झटपट काढायची पद्धत) मूळ कृती २००३ ची: १० ग्रॅम नमुना, १० मिली अॅसिटोनायट्राइल, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ, जोरात हलवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं. मग तोच अर्क शुद्ध सॉल्व्हंटमधल्या स्टँडर्डशी आणि द्राक्षाच्याच कोऱ्या अर्कात बनवलेल्या स्टँडर्डशी ताडून बघ. उत्तरं वेगळी येतात; मॅट्रिक्स इफेक्ट (नमुन्यातल्या इतर घटकांमुळे बदलणारं मोजमाप) म्हणजे काय ते त्या दिवशी कळेल. आणि लायब्ररीने (यंत्रातला ओळखीच्या पदार्थांचा संग्रह) ९० टक्के जुळणी दाखवली म्हणून नाव लिहून मोकळं व्हायचं नाही. अवशेषांच्या कामात रिटेन्शन टाइम (घटक कॉलममधून बाहेर यायची वेळ) ०.१ मिनिटाच्या आत आणि आयन रेशो (त्याच्या आयनांचं आपसातलं प्रमाण) ३० टक्क्यांच्या आत जुळावा लागतो. २०७, २८१ दिसले तर आधी कॉलम ब्लीडचा (कॉलमचा आतला थर सुटून येणं) संशय घे.

कागदपत्रांचं थोडक्यात: पदवीसाठी झेडएबीचं (परदेशी पदव्या तपासणारं जर्मन कार्यालय) तुलनापत्र आत्ताच मागव. चान्सेनकार्टेसाठी ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी ही किमान अट आहे, पण त्यावर विसंबू नकोस. रूटीन लॅबमध्ये एसओपी (कामाच्या लेखी कृती) जर्मनमध्ये असतात, गॅस सिलिंडरवरची सूचनाही जर्मनमध्येच. मॅक्स म्युलर भवनात बी१ पर्यंत तरी कर. माझ्या मते कोर्स आणि भाषा यांतलं एकच परवडत असेल, तर भाषा आधी.

कोर्समध्ये वही ठेव: कधी काय बदललं, त्याआधीचा आणि नंतरचा ट्यून रिपोर्ट. इथल्या मुलाखतीत मला ‘पीकला शेपूट आलं तर आधी काय बघशील?’ असं विचारलं होतं. लायनर आणि कॉलमचं इनलेटकडचं टोक, हे उत्तर पाठ करून नाही, हाताने करून यायला हवं. पहिला ट्यून रिपोर्ट निघाला की फोटो पाठव, आपण दोघं बसून वाचू.