जर्मनीत एक्स्चेंजरच्या कामाला येण्याआधी

तुझा प्रश्न असा, की नाशिकच्या अंबडमधल्या शॉपमध्ये तू वेल्डिंग सुपरवायझर आहेस, हीट एक्स्चेंजरच्या (उष्णतेची अदलाबदल करणाऱ्या यंत्राच्या) कार्बन स्टीलच्या ट्यूबशीटला, म्हणजे नळ्या बसवायच्या भोकांच्या जाड प्लेटला, ३१६एल या स्टेनलेस स्टीलच्या ट्यूब टिगने (आरगॉनच्या कवचात केलेल्या वेल्डिंगने) जोडून घेतोस, आणि जर्मनीत याला भाव मिळेल का? मिळेल. पण फाइलीतल्या सर्टिफिकेटांना नाही, तुझ्या समजेला.

सर्टिफिकेटांचं असं, की सातपूर-अंबडमध्ये एएसएमई सेक्शन नाइनवर (वेल्डिंगच्या पात्रतेच्या अमेरिकन कोडवर) भागतं. इकडे ट्यूब-ट्यूबशीटच्या प्रोसिजरला (वेल्डिंगच्या लिखित पद्धतीला) आयएसओ १५६१४-८ हे मानक लागतं. शिवाय युरोपच्या प्रेशर इक्विपमेंट नियमांनुसार धोक्याच्या कॅटेगरी दोनपासून पुढे प्रोसिजर आणि वेल्डर दोन्ही त्रयस्थ संस्थेकडून मंजूर हवेत. तेव्हा तिकडचे कागद दाखवून थेट कामाला लागशील, असं धरून चालू नकोस.

इंटरव्ह्यूत खरी परीक्षा ‘का’ची. फिलर (जोडात वितळवून भरायची तार) म्हणून ३०९एल वापरतोस, ठीक, पण का? फिलरशिवाय मारलं तर वितळलेलं कार्बन स्टील वेल्डमधलं क्रोमियम-निकेल पातळ करतं आणि कडक, ठिसूळ मार्टेन्साइट तयार होतो. ३०९एलमध्ये क्रोमियम २४ टक्क्यांच्या आणि निकेल १३ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे या घटीची सोय आधीच केलेली. एवढं तुला येत असणारच. मग विचारतील, टायटॅनियमची ट्यूब आणि स्टीलची ट्यूबशीट असेल तर फिलर कोणता? इथे भले भले तारांची नावं आठवत बसतात. हे दोन धातू एकत्र वितळले की लोखंड-टायटॅनियमची ठिसूळ संयुगं तयार होतात, वेल्ड थंड होतानाच तडकतो. उत्तर फिलरमध्ये नाही, डिझाइनमध्ये आहे: स्फोटाने टायटॅनियमचा थर चढवलेली क्लॅड ट्यूबशीट घ्यायची, आणि वेल्ड टायटॅनियमचा टायटॅनियमलाच करायचा. वेल्ड चंदेरी दिसला पाहिजे. राखाडी पडला तर आरगॉनचं कवच कमी पडलं. आणि हे काम ग्राइंडिंगच्या शेजारी करायचं नाही, लोखंडाची धूळ तिथे चालत नाही.

रोलिंगचा (एक्सपांडिंगचा), म्हणजे ट्यूब आतून फुगवून भोकात घट्ट बसवण्याचा, क्रमही विचारतील. आधी वेल्ड, मग एक्सपांडिंग; उलटं केलं तर फटीतला वायू आणि रोलिंगचं तेल वेल्डमधून वाट काढतं आणि पोरोसिटी (बारीक छिद्रं) येते. रोल ट्यूबशीटच्या मागच्या तोंडाच्या ३ मिमी अलीकडेच थांबवायचा.

डिग्रीची मान्यता ‘अनाबिन’ या जर्मन डेटाबेसवर बघ. जमलं तर इंटरनॅशनल वेल्डिंग इंजिनिअरचा डिप्लोमा भारतातच कर, तो इकडे ओळखतात. जर्मन शिकायला आजच लाग. फोरमनशी इंग्रजीत बोलून पोट भरत नाही, हे माझं स्पष्ट मत.

कंपनीची ड्रॉइंग मात्र चुकूनही आणू नकोस. त्याऐवजी मालकांना विचारून भंगारातल्या तुकड्यांवर स्वतः मॉकअप (नमुन्याचा जोड) कर, मधोमध काप, पॉलिश करून नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं द्रावण) लाव. कार्बन स्टीलची बाजू काळवंडेल, स्टेनलेस चकचकीत राहील. त्याचे फोटो घे आणि पेनिट्रेशन (वेल्ड किती खोल गेला), लीक पाथ (गळतीच्या वाटेवर वेल्डची किमान जाडी) मोजून शेजारी लिही. असं काही हातात असलं की बोलायला बरं पडतं.