वाचकांचे प्रश्न : स्लो कुकरमधलं बफलो चिकन डिप

मागच्या अंकात स्लो कुकरमधल्या (तासन् तास हळूहळू शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यातल्या) बफलो चिकन डिपची, म्हणजे चिप्स किंवा सेलरी बुडवून खायच्या घट्ट, तिखट चीज-चिकनची, रेसिपी दिली होती, आणि सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) पार्ट्या उरकल्यावर प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. तो अंक ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते : दोन पाउंड म्हणजे साधारण ९०० ग्रॅम बोनलेस चिकन ब्रेस्ट, पाऊण कप केयेन मिरचीचा हॉट सॉस, क्रीम चीजचे आठ औंसाचे दोन ब्लॉक, एक कप रँच ड्रेसिंग (ताक, मेयोनीज आणि शेपूसारख्या हर्ब्जचा पांढरा सॉस), दोन कप किसलेलं चेडर आणि वरून कांद्याची पात. चिकन आधी शिजवायचं, काट्याने सोडवायचं आणि मग बाकीचं घालायचं. बरेचसे प्रश्न या "आधी" आणि "मग" वरच आलेत, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

प्रश्न : ताई, सकाळी ऑफिसला जायच्या आधी सगळं एकदम कुकरमध्ये टाकलं, लो वर ठेवलं आणि संध्याकाळी झाकण उघडलं तर वर केशरी तेलाचा थर आणि खाली रवाळ गोळे गोळे. चव बरी होती पण दिसायला इतकं वाईट की पॉटलकला (प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या पार्टीला) नेलंच नाही. लो वर ठेवूनही असं का झालं? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : लो म्हणजे मंद आच आणि हाय म्हणजे मोठी आच असं आपण धरून चालतो, पण बहुतेक स्लो कुकरमध्ये तसं नसतं. दोन्ही सेटिंगवर भांडं शेवटी उकळीच्या जवळपासच्या तापमानालाच पोचतं, हाय वर लवकर पोचतं आणि लो वर उशिरा, फरक तेवढाच. म्हणजे तुमचं क्रीम चीज आणि रँच कित्येक तास जवळजवळ उकळत होतं आणि तेसुद्धा व्हिनेगरमध्ये, कारण हॉट सॉस म्हणजे मुळात मिरची आणि व्हिनेगरच. दूध तापवून त्यात लिंबू पिळलं की पनीर होतं ना, तेच झालं, दुधातलं प्रथिन आकसून घट्ट झालं, त्याने पाणी सोडलं आणि चरबी वेगळी होऊन वर आली. क्रीम चीजमध्ये ते फाटू नये म्हणून बहुतेक कंपन्या थोडा गम घालतात, त्यामुळे ते तासभर तग धरतं, पण दिवसभर नाही धरत.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे की कुकरमध्ये दिवसभर बसायचं ते चिकनने, डेअरीने नाही. चिकन ब्रेस्ट एका थरात पसरा, अर्धा सॉस ओता, पाणी अजिबात घालू नका कारण चिकनला स्वतःचं भरपूर पाणी सुटतं. लो वर तीन ते चार तास पुरतात. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात टोचून १६५ फॅरेनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस, झालंय का बघा. ब्रेस्ट त्याच्यापुढे फार शिजवलं तर भुसा होतो, त्यामुळे दिवसभर बाहेर राहणार असाल तर मांडीचं बोनलेस घ्या, ते जास्त वेळ सहन करतं आणि खरं सांगायचं तर चवीलाही मला तेच आवडतं.

चिकन बाहेर काढून सोडवा. भांड्यातलं पाणी एका वाटीत काढून ठेवा, टाकू मात्र नका कारण सगळा अर्क त्यातच असतो. आता चिकन परत कुकरमध्ये, क्रीम चीज आधीच तासभर बाहेर काढून मऊ केलेलं, त्याचे तुकडे करून घाला, उरलेला सॉस घाला, झाकण ठेवून लो वर अर्धा तास, मधे दोनदा ढवळायचं. एकजीव झालं की कुकर वॉर्म वर (नुसतं गरम ठेवणाऱ्या सेटिंगवर) आणा, मग रँच, मग चेडर मूठ मूठ करत. चेडर ब्लॉक आणून घरी किसा, पाकिटातल्या किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते आणि ते तितकं गुळगुळीत वितळत नाही. शेवटी घट्ट वाटलं तर वाटीतलं पाणी चमचा चमचा घालत सैल करा. मीठ घालू नका! हॉट सॉसच्या एका छोट्या चमच्यात साधारण १९० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि आपण इथे पाऊण कप ओततोय, त्यात चीज आणि रँच वेगळंच. ज्या तिघीचौघींनी "खारट झालं" लिहिलंय त्यांचं उत्तर पण हेच.

आणि फाटलेलं डिप फेकायचं नाही. कुकर बंद करा, वरचं तेल चमच्याने काढा, अर्धी वाटी गार दुधात एक चमचा कॉर्नफ्लोर कालवून ते घाला आणि जोरात ढवळून वॉर्म वर पंधरावीस मिनिटं ठेवा. पहिल्यासारखं मखमली नाही होणार पण एकत्र येतं आणि माणसं आनंदाने खातात.

प्रश्न : फ्रोझन चिकन तसंच टाकलं तर चालतं का? सकाळी वितळवायला वेळ नसतो. (डॅलस)

उत्तर : नाही, हे कृपा करून करू नका. ४ ते ६० सेल्सियसच्या मधल्या पट्ट्यात जंतू सगळ्यात वेगाने वाढतात आणि स्लो कुकर मुळातच हळू तापतो, त्यात बर्फाचा दगड ठेवला तर चिकन त्या पट्ट्यात तासन् तास पडून राहतं. आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा. विसरलात तर दुकानातून आख्खं भाजलेलं चिकन आणा, सोडवून चारेक कप निघतं, मग स्लो कुकरचं काम फक्त गरम करणं आणि वितळवणं एवढंच उरतं आणि दीडदोन तासात डिप तयार. पार्टीला मी बऱ्याचदा असंच करते.

प्रश्न : आमच्याकडे मुलं म्हणतात रँचच हवं आणि त्यांचे अमेरिकन मित्र म्हणतात ब्लू चीज नसेल तर ते बफलो नाहीच. खरं काय? आणि हे डिप आलं कुठून? (एक आई, शार्लट)

उत्तर : न्यूयॉर्क राज्यात नायगाऱ्याजवळ बफलो नावाचं शहर आहे, तिथल्या अँकर बारमध्ये १९६४ मध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी कोंबडीचे पंख तळून, हॉट सॉस आणि बटरमध्ये घोळवून, सोबत सेलरी आणि ब्लू चीजचं (निळ्या बुरशीच्या, उग्र वासाच्या चीजचं) ड्रेसिंग देऊन वाढले, ही सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट. पण त्याच शहरात त्याच सुमाराला जॉन यंग नावाचे कृष्णवर्णीय हॉटेलवाले मंबो नावाच्या गोडसर-तिखट सॉसमधले पंख विकत होते, त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं आणि मला ते घ्यावंसं वाटतं. पुढे १९७७ मध्ये शहराच्या महापौरांनी चिकन विंग डेसुद्धा जाहीर केला. तर आपलं डिप म्हणजे त्याच बशीतला सगळा ऐवज, फक्त हाडं काढून एका भांड्यात आणलेला. म्हणूनच सोबत सेलरीच्या काड्या देतात, त्या नुसत्या शोभेच्या नाहीत, तिखट आणि चीजच्या मधे काहीतरी गार आणि पाणीदार लागतं.

त्यामुळे बफलोच्या माणसाला ब्लू चीजच हवं असणार आणि त्याचं बरोबर आहे. पण ब्लू चीजचा वास आपल्याकडच्या बऱ्याच जणांना पहिल्यांदा जमत नाही. मी आत रँच घालते आणि अर्धा कप ब्लू चीज कुस्करून वेगळ्या वाटीत ठेवते, ज्याला हवं तो वरून घेतो. अजून एक, सॉसमध्ये शेवटी दोन चमचे बटर घाला, मूळ चव तिथे आहे आणि बऱ्याच रेसिप्यांमध्ये ते गाळलेलं असतं.

प्रश्न : बहिणीने अमेरिकेहून स्लो कुकर आणून दिलाय, तुमची रेसिपी वाचून करायचं ठरवलं, पण हॉट सॉस मिळाला तर महाग आणि रँच मिळतच नाही. पुण्यात बसून हे डिप होईल का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : होईल, पण आधी तो कुकर भिंतीत लावू नका! खालचा स्टिकर बघा. तिथे १२० व्होल्ट लिहिलं असेल आणि आपल्याकडे २३० येतं, नुसती पिन बदलणारा अडॅप्टर लावला तर व्होल्टेज तेवढंच राहतं आणि कॉइलला साडेतीन पटीपेक्षा जास्त पॉवर जाते, ती जळते किंवा त्याहून वाईट काही होतं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. मोठा कुकरसुद्धा साधारण अडीचशे वॅटच्या आसपास असतो त्यामुळे ५०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर आरामात पुरतो, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

त्या भानगडीत पडायचं नसेल तर चिकनला प्रेशर कुकरमध्ये पाव कप पाणी घालून दोन शिट्ट्या द्या, सोडवा, आणि पुढचं सगळं जाड बुडाच्या पातेल्यात, पातेलं तव्यावर ठेवून, गॅस अगदी बारीक. तव्यामुळे आच पसरते आणि खाली लागत नाही. डेअरी शेवटी हा नियम इथेही तोच.

सॉससाठी बारापंधरा ब्याडगी मिरच्या, बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, अर्धा कप पांढरं व्हिनेगर, चार लसूण पाकळ्या आणि एक चमचा मीठ घालून अगदी बारीक वाटा, गाळा आणि पाचसात मिनिटं उकळा. रंग सुंदर येतो. तिखट कमी वाटलं तर त्यातच दोन गुंटूर मिरच्या वाढवा. विकतच्या सॉसमध्ये मिरची मुरवलेली असते त्यामुळे हा थोडा कच्चा वाटेल, तीनचार दिवस फ्रीजमध्ये राहू द्या, चांगला मुरतो. गोव्याहून एकीने विचारलंय की रेशाद मसाला वापरू का, व्हिनेगर आणि मिरची तर त्यातही आहे. चवीला छानच लागेल पण त्यात दालचिनी, लवंग, जिरं असतं, ते चीजच्या वरचढ होतं, म्हणून अर्धंच घ्या आणि त्याला बफलो म्हणू नका, ते तुमचं गोव्याचं डिप.

क्रीम चीज भारतीय ब्रँडचं आता बऱ्याच सुपरमार्केटात मिळतं. नाही मिळालं तर श्रीखंडासाठी करतो तसा चक्का, अर्धा किलो चक्क्याला दोन चमचे कॉर्नफ्लोर आधीच फेटून घ्यायचं, नाहीतर दही फाटणारच. आणि रँचसाठी मेयोनीज, थोडं ताक, लसूण-कांद्याची पावडर, मिरपूड आणि बारीक चिरलेला शेपू. हो, शेपूच! रँचमध्ये जो वास येतो त्यात त्याचा मोठा वाटा असतो, घरात शेपूला नाक मुरडणारी मुलं यात बोटं चाटून खातात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. चिकनऐवजी राजमा किंवा छोले घालून हेच होईल का? कच्चेच टाकले तर स्लो कुकर शिजवेलच ना? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : छोल्यांचं फार छान होतं, थोडे ठेचून आणि थोडे आख्खे ठेवायचे. पण राजमा कच्चा टाकायचा नाही, हे ठळक अक्षरात लिहून फ्रीजवर लावा. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ते खळखळून उकळल्यावरच जातं, आणि स्लो कुकरच्या संथ उष्णतेत ते राहतं, अर्धवट तापल्यावर तर वाढल्याचंही आढळलंय. चारपाच दाण्यांनीसुद्धा जोरदार उलट्या होऊ शकतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर निदान अर्धा तास खळखळून उकळा किंवा सरळ प्रेशर कुकरला लावा आणि मगच इथे घाला. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो, त्याची काळजी नाही.

गंमत म्हणजे हे यंत्र मुळात कडधान्यासाठीच निघालं. अर्व्हिंग नॅक्सन यांच्या आईने लिथुआनियातल्या ज्यू वस्तीतली आठवण सांगितली होती, शब्बाथला (ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार) चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारी संध्याकाळी बीन्स आणि मांसाचं भांडं बेकरीच्या विझत्या भट्टीत ठेवायचं आणि रात्रभर ते हळूहळू शिजायचं. त्यावरून त्यांनी विजेचं भांडं केलं, १९४० मध्ये पेटंट मिळालं, ते नॅक्सन बीनरी नावाने विकलं जायचं. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा घेतला आणि १९७१ मध्ये क्रॉक-पॉट या नावाने त्यांचा स्लो कुकर बाजारात आला.

प्रश्न : कोल्हापुरी टच द्यायचाय, कांदा-लसूण मसाला किती? (शिकागो)

उत्तर : या मापाला दोन छोटे चमचे, पण कोरडा भुरभुरू नका, एक चमचा तेलात मंद आचेवर अर्धं मिनिट परतून मग चिकनबरोबर घाला, कारण स्लो कुकरमध्ये काहीच परतलं जात नाही आणि कोरडा मसाला पिठूळ लागतो. हॉट सॉस तेवढा कमी करा. गरम मसाला मात्र नको.

प्रश्न : पार्टीत किती वेळ ठेवता येतं? आणि उरलेलं पुन्हा स्लो कुकरमध्येच गरम करू का? (मिल्पिटस)

उत्तर : वॉर्म वर, झाकण ठेवून, मधून मधून ढवळत तीनचार तास छान राहतं. डिप ६० सेल्सियसच्या खाली जाता कामा नये. कुकर बंद केल्यापासून दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये टाका, मोठ्या मातीच्या भांड्यासकट ठेवलं तर मधलं गार व्हायला फार वेळ लागतो. तीनचार दिवस टिकतं. फ्रीजर नको, वितळल्यावर क्रीम चीज रवाळ होतं. गरम करायला स्लो कुकर नको, तो हळू तापतो. पातेल्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाफा येईपर्यंत नीट गरम करा, दूध घालून सैल करा आणि मग हवं तर वॉर्म वर ठेवा. थोडंच उरलं असेल तर गार असतानाच पराठ्यात भरा, गरम डिप भरलं तर पराठा लाटताना फुटतो.