३.१ किलो-ओहमचा रेझिस्टर मिळत नसेल, तर तो जोडणीतून कसा मिळवावा?

आपला प्रश्न असा आहे की, ३.१ किलो-ओहमचा रेझिस्टर दुकानात मिळत नाही, तेव्हा हाताशी असलेल्या रेझिस्टरांमधून तो कसा तयार करावा. सूत्रे आपल्याला ठाऊक असतीलच: एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते आणि समांतर जोडणीत दोन रोधांच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेने भागावे लागते. अडते ते कोणती जोडी निवडावी येथे.

सर्रास मिळणाऱ्या ई-१२ मालिकेत, म्हणजे रेझिस्टरच्या ठरावीक प्रमाणित किमतींच्या यादीत, २.७ नंतर एकदम ३.३ किलो-ओहम येतो. २.७ किलो-ओहमला ३९० ओहम एकसर जोडले की ३.०९ होतात आणि आणखी १० ओहम जोडले की कागदावर उत्तर तंतोतंत जुळते. तो तिसरा रेझिस्टर मात्र मी कधीही जोडणार नाही, कारण सोनेरी पट्ट्याच्या, म्हणजे ५ टक्के टॉलरन्सच्या (नमूद किमतीपासून कमी-अधिक होण्याची मुभा), २.७ किलो-ओहमच्या रेझिस्टरमध्येच १३५ ओहमपर्यंत फरक असू शकतो आणि त्यापुढे १० ओहमची मातब्बरी ती काय!

त्यापेक्षा मुख्य रेझिस्टर आधी मल्टिमीटरने मोजावा आणि त्याचा जोडीदार नंतर ठरवावा. नारिंगी, नारिंगी, लाल, सोनेरी अशा पट्ट्यांचा ३.३ किलो-ओहमचा रेझिस्टर प्रत्यक्षात ३.१३५ ते ३.४६५ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो; परंतु तो ३.१ च्या खाली जात नसल्यामुळे समांतर जोडणीने त्याला हव्या त्या किमतीपर्यंत उतरवणे नेहमीच शक्य असते. समजा, तो ३.२४ भरला. जोडीदाराची किंमत काढण्यासाठी ३.२४ ला ३.१ ने गुणून त्या दोहोंतील फरकाने, म्हणजे ०.१४ ने, भागावे; उत्तर सुमारे ७१.७ किलो-ओहम येते. त्याला जवळचा ६८ किलो-ओहम लावल्यास ३.०९३ मिळतात, म्हणजे चूक पाव टक्क्याच्या आत राहते. हा जोडीदार स्वतः ५ टक्क्यांनी चुकला, तरी एकूण रोधात जेमतेम पाव टक्क्याचीच भर पडते, कारण बहुतेक सारा प्रवाह लहान रोधातूनच जातो. एकसर जोडलेल्या ३९० ओहमची तेवढीच चूक एकूण रोधात ०.६ टक्क्यांपर्यंत उतरते, म्हणून येथे मी समांतर जोडणीला झुकते माप देतो.

मोजताना रेझिस्टर सर्किटमधून सुटा करावा आणि त्याची दोन्ही टोके बोटांनी धरू नयेत. अन्यथा शरीराचा रोध समांतर जोडला जातो आणि शेकडो किलो-ओहमच्या रेझिस्टरचे मोजमाप चांगलेच कमी येते.

वॅटेजही, म्हणजे रेझिस्टर किती शक्ती पेलू शकतो तेही, तपासावे. समांतर जोडणीत लहान रोध अधिक तापतो, एकसर जोडणीत मोठा. वरील जोडीत जवळपास सगळी उष्णता ३.२४ किलो-ओहमच्या रेझिस्टरमध्येच निर्माण होईल, त्यामुळे दोन पाव वॅटचे रेझिस्टर जोडले म्हणून अर्धा वॅट पेलेल, असे येथे समजू नये.