साताऱ्याकडून येताना नवले पुलाच्या उतारावर लोड गाडीचे एअर ब्रेक कसे वापरायचे?

तुम्ही विचारलंय की हेवी लायसन्स नवीन आहे, साताऱ्याकडून माल घेऊन पुण्यात उतरायचंय, आणि एक जण म्हणतो ब्रेक सारखे मारत राहा, दुसरा म्हणतो पाय हलका ठेवूनच उतर. मी याच लाइनला चालवतो, माझं मत विचाराल तर दोघांचंही ऐकू नका.

पाय हलका ठेवून उतरलात की लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी गोलाला, घासतच राहतात, ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते आणि मग पेडल तळाला गेलं तरी गाडी धावतच राहते. सारखं पंपिंग केलंत तर प्रत्येक वेळी पाय उचलला की जी फुस्स होते ना, ती ज्या हवेवर ब्रेक चालतो ती टाकीतली हवा गेली, आणि कॉम्प्रेसर (इंजिनवर चालणारा हवेचा पंप) ती लगेच भरून देत नाही.

लोक बोलतात "हवा गेली म्हणून ब्रेक फेल". मला ते सहसा पटत नाही, कारण पार्किंग ब्रेकच्या, म्हणजे हँडब्रेकच्या, चेंबरमध्ये (चाकाजवळच्या डब्यात) जाड स्प्रिंग असते, तिला हवेनेच दाबून धरलेलं असतं, हवा फार उतरली की स्प्रिंग सुटते आणि मागची चाकं आपोआप जाम होतात. म्हणजे हवा गेल्यावर गाडी थांबायला पाहिजे. पण ती स्प्रिंगही त्याच तापलेल्या ड्रमवर लायनर दाबणार, म्हणून उतारावर ब्रेक जळल्यावर हँडब्रेक ओढूनही फार काही हाती लागत नाही.

त्यामुळे गाडी गिअरवर उतरवायची, ब्रेकवर नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातच स्पीड तोडा, बाहेर पडायच्या आधी खालचा गिअर टाका, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा) चालू करा. दरी पूल ओलांडून स्पीड आल्यावर गिअर बदलायला गेलात आणि खालचा पडलाच नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये लटकते, तिथून पुढे देवच वाली. समजा ४० ठरवलंत, काटा ४० ला आला की ब्रेक दमदार दाबून ३० ला आणा आणि पाय पूर्ण उचला, पुन्हा ४० होईपर्यंत पेडलला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. मधेमधे ड्रमला गार व्हायला वेळ मिळतो. सारखा ब्रेक लागतोय असं वाटलं तर गिअर अजून एक खालचा पाहिजे होता.

डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे बघितलेत तर त्यांच्या मागे राहा, पुढे नको. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अडसर जातो, एक्झॉस्ट ब्रेक कामाचा राहत नाही, कॉम्प्रेसर हळू फिरतो. इंजिन बंद केलं तर कॉम्प्रेसरही बंद आणि स्टिअरिंगही जड. याच नवले पुलाजवळ २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच अपघातात कितीतरी गाड्या ठोकल्या गेल्या होत्या, कार, रिक्षा सगळे तिथेच खाली असतात हे डोक्यात ठेवा.

सकाळी निघायच्या आधी टाकीखालची रिंग ओढून पाणी काढा, तेलकट पाणी आलं तर कॉम्प्रेसर दाखवून घ्या. हवा पूर्ण भरू द्या, टायरला गुटके (अडवायचे ठोकळे) लावून इंजिन बंद करा आणि पेडल मिनिटभर दाबून धरून हवेच्या मीटरच्या दोन्ही सुया बघा. पाय दाबल्यावर एकदा थोडी उतरते ते ठीक, पण नंतर सरकतच राहिली तर कुठेतरी लीक आहे, गाडी काढूच नका. रस्त्यात हवा कमी झाल्याचा बझर वाजला तर पंप येईपर्यंत थांबू वगैरे नाही, आहे तिथे कडेला घ्या. हवा जाऊन चाकं जाम झाली तर चेंबर स्वतः खोलू नका, आतली स्प्रिंग उडाली तर माणूस जातो, मिस्त्रीलाच बोलवा.

आणि खाली उतरल्यावर जळका वास येत असेल तर लगेच हँडब्रेक ओढून चहाला जाऊ नका, तापलेल्या ड्रमवर तो धरेलच असं नाही. सपाटीला थांबा, गिअरमध्ये ठेवा, टायरला गुटके लावा, ड्रम गार झाल्यावर मग हँडब्रेक. पाणी मात्र ओतू नका त्याच्यावर, तडा जातो.