महाजन रेंजला निघालास तर

लेका, लखनौचं आर्मी मेडिकलचं ट्रेनिंग संपलं, आता महाजन रेंज, म्हणजे लष्कराचं गोळीबार सरावाचं मैदान. आपल्या गावचं, अपशिंग्याचं ऊन सोसलंय म्हणून बिकानेरकडच्या उन्हाला हलकं घेऊ नकोस. पहिले आठ-दहा दिवस अंगाला सवय होऊ दे.

धावण्याच्या सरावातून आलेला जवान बरळायला लागला, तर घाम सुटलाय म्हणून बिनघोर राहू नको. अशा उष्माघातात अंग ओलंही असतं. काखेतला थर्मामीटर फसवतो, गुदद्वारातलाच खरा. पारा ४० सेल्सिअसच्या वर दिसला की कपडे उतरव, गार पाणी ओत, पंखा लाव. आधी थंड कर, गाडीत नंतर घाल.

आपल्याकडचा फुरसं साप तिकडंही आहे. दंशाचा पेशंट आला की डॉक्टरसाहेबांना कळव, २ मिली रक्त काचेच्या नळीत घे, २० मिनिटं हात लावू नको, मग नळी तिरकी कर. रक्त वाहिलं तर विष भिनलंय. नळी मात्र कोरी, सुकी हवी. मी एकदा साबणानं धुतलेली वापरली. चांगलं रक्तसुद्धा गोठेना! साहेबांनी सगळ्या वॉर्डासमोर झापलं.

आणि आईला फोन रात्री कर. दिवसाचा तुझा सुकलेला आवाज ऐकून तिला घोर लागेल.