म्युकर होता, मग रिपोर्ट निगेटिव्ह कसा?

प्रश्न : २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोरोनानंतर माझ्या दादाला म्युकर (काळी बुरशी) झाला. त्याला मधुमेह आहे. रक्तातली बीटा-डी-ग्लुकन तपासणी निगेटिव्ह आली, पण नाकातून काढलेल्या तुकड्यात बुरशी सापडली. तपासणी चुकली का? शरीरालाही बुरशी दिसली नसेल का? आता तो मशरूमची ग्लुकन पावडर घ्यायची म्हणतोय. – एक वाचक, सांगली

उत्तर : तपासणी चुकली नाही. ती शोधते बीटा-ग्लुकन, म्हणजे बुरशीच्या पेशीभिंतीतली एक साखरेची साखळी (रक्तातली साखर नव्हे), आणि ती म्युकरच्या भिंतीत फारशी नसतेच. तिथे भर असतो कायटिन आणि कायटोसन या दुसऱ्या घटकांचा. म्हणून प्रयोगशाळेत असताना आमचा भरवसा सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर. केओएच या द्रावणात ठेवलेल्या तुकड्यात रुंद, आडपडदे नसलेले, फितीसारखे तंतू दिसले की कल्चरची (बुरशी वाढवून पाहण्याची) वाट न पाहता आधी वॉर्डला फोन.

कॅन्डिडा, ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरश्यांच्या भिंतीत मात्र बीटा-ग्लुकन भरपूर. माणसाच्या पेशी ते बनवत नाहीत, त्यामुळे ते दिसलं की परका आला हे नक्की. ते ओळखणारा पांढऱ्या पेशींवरचा रिसेप्टर (ओळखणारा रेणू) म्हणजे डेक्टिन-१; ऑक्सफर्डमध्ये गॉर्डन ब्राऊन आणि सायमन गॉर्डन यांनी २००१ मध्ये त्याची ही ओळख पटवली. बुरश्याही बेरक्या! कॅन्डिडा ग्लुकनवर मॅनन या दुसऱ्या साखर-साखळीचा थर चढवते, ॲस्परजिलसचे बीजाणू प्रथिनाचं आवरण घेऊन हवेत फिरतात.

म्युकर शरीराला अजिबात दिसत नाही असं नाही. बीजाणू रुजून तंतू फुटले की थोडं ग्लुकन उघडं पडतं आणि डेक्टिन-१ ते टिपतो. पण रक्तातली साखर वाढलेली, त्यात स्टिरॉइड चालू, अशा वेळी न्यूट्रोफिल या लढाऊ पांढऱ्या पेशींचा मारा लुळा पडतो. शत्रू ओळखूनही उपयोग होत नाही.

औषधाचंही तेच. कॅस्पोफंजिन हे बुरशीविरोधी औषध ग्लुकनची बांधणी रोखतं, म्हणून एकट्याने म्युकरवर चालत नाही. ॲम्फोटेरिसिन-बी भिंतीवर नव्हे, आतल्या पटलातल्या अर्गोस्टेरॉल या स्निग्ध घटकावर घाव घालतं. २०२१ च्या मे महिन्यात त्याच इंजेक्शनसाठी नातेवाईक वणवण फिरत होते.

पावडरीचं म्हणाल, तर सुटं विरघळलेलं ग्लुकन डेक्टिन-१ ला चिकटतं, पण पेशीला पेटवत नाही. त्यासाठी ते कणाच्या पृष्ठभागावर घट्ट बसलेलं लागतं. म्युकरपासून बचाव म्हणून पावडर घेऊ नका. त्या पैशात दादांची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेची तपासणी) करा, आणि नाक चोंदून एकाच बाजूचा चेहरा दुखला किंवा काळसर स्राव आला तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.