एका अंगणात घागर आणि झोका

टोरंटोहून एका लेकीचं पत्र आलंय. माहेर चोपड्याकडचं. फाल्गुनात वडील गेले. हिला नववा महिना, विमानप्रवासाला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलेलं. अंत्यविधी फोनवर पाहिला आणि अकराव्या दिवशी मुलगी झाली. ती लिहिते, "सगळे म्हणतात, बाबाच पोटी आले, देवाची कृपा. मला ऐकवत नाही. ज्या देवाने बाबांचं तोंड पाहू दिलं नाही, त्याचे आभार कसे मानू?"

पोरी, नको मानूस. निदान एवढ्यात तरी नको. लोक बोलतात ते मायेपोटी, पण तान्ह्या जिवावर आजोबांचं ओझं कशाला? आणि रुसणं म्हणजे नास्तिकपणा नव्हे. लोकांच्या बोलण्याला कंटाळून साक्षात ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून बसले होते म्हणतात. बाहेर उभी राहून समजूत काढली ती धाकट्या मुक्ताईने. तीही तितकीच पोरकी, गावाने तितकीच टाकलेली. आपल्या मेहूणला तापीकाठी ती गुप्त झाली, ते साल १२९७. भाऊ जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू तर ओली बाळंतीण. तुझी ताटी राहू दे थोडे दिवस लावलेली.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येतेय. आई गेली त्या वर्षीची आमची आखाजी सांगते. कुंभाराकडून नवी घागर आणली होती. वडिलांनी ती भरली, वर छोटं मडकं ठेवलं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या आणि आंबे. हात थरथरत होता, पाणी सांडून जमिनीवर ओघळ गेला. अंगणात निंबाला झोका बांधलेला, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या, खिदळत होत्या. मला राग आला, गप्प बसवायला उठले. तेवढ्यात वडीलच बाहेर गेले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी झोक्याची सैल झालेली गाठ ओढून घट्ट केली, दोनदा लोंबकळून पाहिली आणि आत येऊन पुन्हा घागरीपाशी बसले.

मेलेल्यांना पाणी आणि लेकींना झोका, खान्देशात दोन्हींना दिवस एकच. कोणी ठरवला ठाऊक नाही, पण मला कृपा दिसली ती तिथेच, त्या गाठीत.

तुझ्यापुरतं सांगते. घागरीचा मान भावाचा, ती तो गावी भरेल. सकाळी दहाला भरणार असेल तर तुमच्याकडे रात्रीचे साडेबारा. बाळ तेव्हा जागंच असतं बहुतेक! व्हिडिओ कॉल लाव. तांब्याभर पाणी ठेव, टरबूज-खरबूज मिळेल ते ठेव. सांजोरी जमली नाही तर साधा शिरा कर. रडू आलं तर रड. कोणी पुन्हा "बाबाच आले" म्हणालं, तर वाद घालू नकोस, बाळाचं नाव सांग.

आणि भावाला सांग, झोका बांधायला विसरू नको, म्हणावं. यंदा पोरगी आली नसली तरी.